केए २२, मुक्काम मुक्तिनाथ

भारत-नेपाळ सीमेवरच्या सोनौलीच्या कमानीखालून पलीकडे गेलो आणि पहिलं काम काय केलं असेल, तर समोरच्या मोटारसायकलची नंबरप्लेट वाचली. लाल पाटी, पांढरी अक्षरं. लु, मग आकडे, मग प, मग परत आकडे, सगळं देवनागरीत. लु म्हणजे लुम्बिनी आणि प म्हणजे खासगी दुचाकी हे नंतर कळलं. तेव्हा मी हेल्मेटची काच वर करून नुसता बघत उभा राहिलो होतो आणि मागचा सायकलरिक्षावाला घंटी वाजवून वाजवून कंटाळला होता.

यात एवढं काय, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल. बेळगावच्या माणसाला विचारा. आमच्याकडे माणूस आधी पाटी बघतो, मग दुकान. २०२४ च्या सुरुवातीला पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा आला, तेव्हा उद्यमबागेतल्या माझ्या शेडचीही पाटी बदलावी लागली. चार लेथ, एक मिलिंग, दोन कामगार. एवढ्या शेडला पाटी लागते कशाला, हा प्रश्न वेगळा. पेंटर अनगोळचा, घरी मराठीच बोलणारा. त्याने टेप लावून पत्रा मोजला. सहा फुटांतले तीन फूट सात इंच कन्नडला, उरलेल्यात मराठी आणि इंग्रजी दाटीवाटीने. "दोन सूत जास्तच धरतो वो," म्हणाला, "उगाच कुणी मोजायला आलं तर." आणि असं सुंदर कन्नड अक्षर काढलं की मराठी त्याच्याशेजारी आजारी दिसायला लागली.

दुसरीकडचंही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला होता. बेअरिंग आणायला कोल्हापूरला गेलो, गाडी लावली, पाऊण तासाने परत येतो तर माझ्या केए २२ वर, म्हणजे बेळगावच्या कर्नाटकी नंबरप्लेटवर, काळं फासलेलं. फासणारा मराठीसाठी भांडत होता आणि गाडीवाल्याच्या घरी तीन पिढ्या मराठी. कुणाला सांगायचं? पंपाशेजारच्या गॅरेजमधून चिंधीभर रॉकेल मागून घेतलं आणि पुसलं. दोनाच्या आकड्याच्या पोटात ते काळं अजून आहे.

तर अशा गाडीवरून मी नेपाळला निघालो होतो. एकटा. दीडशे सीसी, अकरा वर्षं जुनी, कार्ब्युरेटरवाली.

नेपाळच का, तर आजीच्या देवघरातला शाळिग्राम. लिंबाएवढा, काळा कुळकुळीत, एका बाजूला भोक आणि आत गोल गोल वळ्या. लहानपणी मी त्यात बोट घालायचो आणि मार खायचो. "गंडकीतला आहे तो," आजी सांगायची, "तिथं नदीत असे ढिगानं असतात." ती स्वतः पंढरपूर आणि सौंदत्ती यापलीकडे गेली नाही. गंडकी तिच्या तोंडी अशी यायची, जणू मार्कंडेय नदीच्या जरा पुढे, डाव्या हाताला. आजी गेली, मग मी चाळिशी ओलांडली, मग एका वर्षी दिवाळीला शेड अठरा-वीस दिवस बंद ठेवता येईल असा हिशेब जमला.

आई बोलली नाही दोन दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दिवाळीत घर सोडून जायला तू काय सैन्यात आहेस?" मग कुंद्याच्या मिठाईचे दोन डबे आणून दिले. "वाटेत कुणी लागलं तर द्यायला." रुसवा तिचा, आणि पाहुणचाराची चिंताही तिचीच.

सोलापूर, नांदेड, नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर. पाच दिवस. जबलपूरच्या अलीकडचा सागवानाचा पट्टा सोडला तर त्या पाच दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. ट्रक, ढाबा, लॉज, पाठदुखी. पेट्रोल भरताना प्रत्येक पंपावर तोच संवाद. "कर्नाटक? बंगलोर से?" "नहीं, बेलगाम." "बंगलोर के पास?" "गोवा के पास." गोवा म्हटलं की चेहरे उजळतात. आमचं गाव असं कायम दुसऱ्या कुणाच्या तरी जवळ असतं.

भन्सार म्हणजे नेपाळचं कस्टम. आपल्या गाडीला जितके दिवस आत राहायचं तितक्या दिवसांचे पैसे भरायचे, कागद घ्यायचा, जपून ठेवायचा. मतदार ओळखपत्र चालतं, पासपोर्ट लागत नाही. आपले शंभर म्हणजे तिथले एकशे साठ, आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. संध्याकाळी आईला फोन केला. "तिकडं किती वाजले?" "तुझ्यापेक्षा पाव तास पुढे." थोडा वेळ शांतता. "एवढ्यासाठी परदेशात गेलास?"

भैरहवा, बुटवल आणि मग एकदम डोंगर. सिद्धार्थ राजमार्ग म्हणतात त्या रस्त्याला, पोखरापर्यंत एकशे ऐंशी किलोमीटरच्या आसपास. आंबोली उतरलेल्या माणसाला वळणांची भीती नसते, पण आंबोली अर्ध्या तासात संपते. हा रस्ता संपतच नाही. आणि सगळीकडे पाट्या. मी प्रत्येक पाटी वाचत होतो, भुकेल्यासारखा. किराना पसल. मासु पसल. प्रहरी चौकी. हर्न निषेध. एक पाटी वारंवार यायची: पहिरो क्षेत्र. मला वाटलं पहिरो म्हणजे पेहराव, इथे कपड्यांचा बाजार असणार. पुढच्या वळणावर अर्धा डोंगर रस्त्यावर आलेला आणि एक पोकलेन तो खाली नदीत लोटत होता. पहिरो म्हणजे दरड.

मग जरा सावध झालो. भूक लागली तेव्हा "खाजा घर" दिसलं. जत्रेतला गुळाचा खाजा डोळ्यांसमोर आणून आत गेलो, तर पोहे, बटाट्याची भाजी आणि मुळ्याचं लोणचं पुढे आलं. लोणच्याने कानातून वाफा. खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. अक्षर न् अक्षर वाचता येतं आणि अर्थ हाताला लागत नाही, असा हा देश. उलट, बेळगावात माझ्या गल्लीच्या तोंडावरची कन्नड पाटी मी अजून अडखळत वाचतो, पण तिथला दुकानदार जे बोलतो त्यातली शिवीसुद्धा मला नीट कळते.

तानसेनला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, स्याङ्जा जिल्ह्यातल्या चढावर डाव्या हाताला काहीतरी मऊ लागलं. क्लच दाबला की थोडं जास्तच दाबलं जायचं. मला कळायला हवं होतं. वायर तुटायच्या आधी अशीच बोलते, एकेक धागा सुटत जातो. पण एकीकडे दरी आणि दुसरीकडे माछापुच्छ्रेचं शेपटासारखं टोक ढगातून वर आलेलं, त्यात कुठे हाताकडे लक्ष. वालिङच्या अलीकडे कट् असा आवाज आला आणि लिव्हर हँडलला चिकटली.

जादा क्लच वायर घेतली होती का? घेतली होती. यादीत तिच्यापुढे बरोबरची खूणही होती. वायर मात्र उद्यमबागेत टेबलावर, यादीच्या शेजारी. याला दोष कुणाचा, ते मी आईला अजून सांगितलेलं नाही.

क्लचशिवाय गाडी नेता येते. उतारावर ढकलायची, दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, आणि मग देवाचं नाव घेऊन थांबायचं नाही. तसा वालिङला पोचलो. "मोटरसाइकल वर्कसप" वाचलं आणि इंजिन बंद करून थांबलो. वर्कशॉप बंद होतं. म्हणजे दार उघडं होतं, पण मेकॅनिक उंबऱ्यावर बसून कुत्र्याला झेंडूचा हार घालत होता.

त्या दिवशी कुकुर तिहार होता. तिथली दिवाळी अशी सुरू होते: पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, मग गाय आणि लक्ष्मी, मग गोवर्धन, शेवटी भाऊबीज. कुत्रं साधं गावठी, एक कान फाटलेला. कपाळावर लाल टिळा, पुढे पानावर भात आणि मटणाचे तुकडे, आणि चेहऱ्यावर अशी गंभीरता की सत्कारमूर्ती भाषणाच्या आधी जशी असते तशी. मी गाडी स्टँडला लावली आणि पूजा संपायची वाट बघत बसलो. मेकॅनिकने मला हिंदीत विचारलं काय झालं, मी हातातली लिव्हर दाखवली, त्याने मान हलवली आणि कुत्र्याला आणखी एक तुकडा दिला. क्रम बरोबर होता.

माझ्या गाडीची वायर त्याच्याकडे नव्हती, आणि सणाची दुकानं बंद. त्याने वायर बाहेर काढली. लिव्हरच्या टोकाला शिशाचा जो गोळा असतो तिथेच धागे कुरतडले गेले होते. फाटकं टोक त्याने छिन्नीने एका घावात उडवलं. मग डब्यातून सायकलच्या ब्रेकला लागतं तसलं पितळेचं छोटं नळकांडं शोधलं, मध्ये भोक, बाजूला बारीक स्क्रू. त्यातून वायर ओवली, स्क्रू पिळला. मी म्हटलं, नुसत्या स्क्रूवर हे घसरणार. लेथवर वीस वर्षं घालवलेला माणूस असं बोलल्याशिवाय राहत नाही. तो हसला. वायरचं बाहेर राहिलेलं टोक त्याने चिमट्याने फुलवलं, एकेक तार बाजूला करत, शेवंतीच्या पाकळ्यांसारखं, आणि त्यावर सोल्डरचा थेंब सोडला. आता ते नळकांड्यातून मागे जाणं शक्यच नव्हतं. वायर अर्धा इंच आखूड झाली, तेवढी कसर ॲडजस्टर पूर्ण आत घेऊन भरून काढली. माझ्या शेडमध्ये एखाद्या पोराने असं काम केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी पगार वाढवून दिला असता.

हे चाललं असताना उन्हात खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. मेकॅनिकचा बाप. बराच वेळ माझी नंबरप्लेट बघत होता. मग खणखणीत हिंदीत विचारलं, "केए कहाँ का है?" मी आपलं सवयीने, "गोवा के पास, बेलगाम." म्हातारा ताडकन सरळ बसला.

"बेलगाम! गोवा के पास क्या बोलता है? मराठा सेंटर बोल!"

आपल्या सैन्यात गोरखा पलटणीत होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पेन्शन अजून भारतातून येते, त्यासाठी पोखराला आपलं पेन्शनचं कार्यालयच आहे. काश्मीरला त्यांच्या शेजारच्या पोस्टवर मराठे होते. "गणपत लोग," ते म्हणाले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या, म्हणजे बेळगावात जिचं सेंटर आहे त्या पलटणीच्या, जवानांना सैन्यात गणपत म्हणतात, हे मला माहीत होतं, कारण माझे धाकटे काका गणपत होते. मी वर्कशॉपच्या वायफायवरून काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला. दोघं आयुष्यात कधी भेटलेले नाहीत, पलटणी वेगळ्या, सालंही जुळेनात. पण वीस मिनिटं बोलले. कुठल्या पोस्टवर रॉकेल गोठायचं, कुठला लंगर चांगला, कुठला सुभेदार कडू. शेवटी काकांनी इकडून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हटलं आणि म्हाताऱ्याने तिकडून "जय महाकाली, आयो गोरखाली". कुत्रं भुंकायला लागलं. कुंद्याचा एक डबा तिथे रिकामा झाला. सहा दिवसांचा होता, पण चांगला होता. पैसे मेकॅनिकने सांगितले ते इतके कमी होते की मी दोनदा विचारलं.

पोखराबद्दल सगळेच लिहितात. तळं सुंदर आहे, हॉटेलं फार आहेत. मला तिथली आठवण एकच. १ नोव्हेंबरची रात्र, लक्ष्मीपूजन, दारोदार पोरी "भैलो" म्हणत फिरत होत्या आणि घरवाले त्यांच्या ताटात तांदूळ, पैसे, सेल रोटी टाकत होते. १ नोव्हेंबरला मी आयुष्यात पहिल्यांदा बेळगावबाहेर होतो. १९५६ साली या तारखेला आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून एकाच दिवशी एकाच गावात काळ्या दिनाची फेरीही निघते आणि राज्योत्सवाची मिरवणूकही. सकाळी दंडाला काळी फीत बांधलेला माणूस संध्याकाळी पोराला खांद्यावर घेऊन चन्नम्मा चौकातले दिवे दाखवायला जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो माणूस म्हणजे मीच. मित्राचा फोन आला, "फेरीला आला नाहीस?" म्हटलं, "परदेशात आहे." म्हणाला, "बरंय बाबा." दुसऱ्या दिवशी पाडवा. त्यानेच व्हिडिओ पाठवला. रंगवलेल्या म्हशी, गळ्यात हार, आणि पुढे सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींचा तो फाडफाड आवाज ज्याच्या मागे म्हशी जीव तोडून पळतात. पोखराच्या लॉजवर मी तो तीनदा लावला. शेवटी शेजारच्या खोलीतून भिंतीवर टकटक झाली.

काठमांडूला गेलो नाही. सप्टेंबरअखेरच्या पुराने आणि दरडींनी नेपाळात दोनशेहून जास्त माणसं गेली होती, तिकडच्या रस्त्यांचा भरवसा नव्हता. पशुपतिनाथ न करता परतलो म्हणून आत्या अजून बोलते. मी बेनीवरून काली गंडकीच्या काठाने वर गेलो.

तो रस्ता मी चांगला म्हणणार नाही. कुठे डांबर, कुठे धूळ, कुठे रस्त्यावरूनच वाहणारा ओढा. तातोपानीला, भाऊबीजेच्या दिवशी, चहाच्या दुकानातली बाई भावांच्या कपाळावर सात रंगांचा टिका लावत होती, एकेक रंग, काडीने, सरळ उभ्या ओळीत. गळ्यात मखमलीच्या जांभळ्या फुलांच्या माळा. मी चहा संपवून उठलो तर मलाही थांबवलं. सात नाही, एकच रंग, पिवळा. बाकीचे संपले होते. दुसरा कुंद्याचा डबा तिच्या ओट्यावर ठेवला. पुढच्या चेकपोस्टवर प्रहरीने माझ्या कपाळाकडे बघितलं, हसला आणि वहीत गाडीचा नंबर लिहून घेतला. समोरून मी तो उलटा वाचला. "केए २२", मग बाकीचे आकडे, निळ्या शाईत. सरकारी कागदावर मराठी अक्षर दिसावं म्हणून आमच्याकडे किती अर्ज, किती निवेदनं. इथे एका हवालदाराने वळणदार हाताने लिहून टाकलं आणि पान उलटलं.

मार्फाच्या वर झाडं संपतात. नदीचं पात्र मैलभर रुंद, राखेच्या रंगाचं, आणि दुपार व्हायच्या आत वारा सुटतो. असा वारा मी कधी अनुभवला नाही. गाडी सरळ चालवायची तर ती तिरकी धरावी लागते. मी पात्रात उतरलो. काळे गोटे होते, हजारो. उचलून उचलून बघितले. एकात अर्धी वळी सापडली, बाकी झिजलेली. शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, समुद्रातल्या शंखासारख्या प्राण्याचा जीवाश्म. हिमालय व्हायच्या आधी इथे टेथिस समुद्र होता, कोट्यवधी वर्षांपूर्वी, त्याच्या तळाचा गाळ वर येऊन डोंगर झाला आणि नदी आता तो फोडून खाली आणते. हे शाळेत कळलं असतं तर मी त्या भोकात बोट घालताना जरा हळू घातलं असतं. ढीग मात्र नव्हता. "ढिगानं असतात" हे आजीने कुणाकडून तरी ऐकलेलं असणार. अर्धी वळी मी परत पात्रातच ठेवली.

वर गाडीचा दम संपत आला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर, मुक्तिनाथ पावणेचार हजार. हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, म्हणजे इंजिन जेवतंय जास्त आणि श्वास कमी. पहिल्या गिअरमध्ये धूर सोडत राणीपौवाला पोचलो आणि पायऱ्या चढताना माझीही तीच गत झाली. देवळामागे एकशे आठ धारा, बर्फाचं पाणी. तीस धारांखाली गेलो, मग देवाची माफी मागितली.

कुडकुडत पायरीवर बसलो होतो. तेवढ्यात मागून आवाज आला.

"याव ऊर री?"

मी वळलोसुद्धा नव्हतो. तोंडातून आपोआप निघालं, "बेळगाव री."

"अय्य! नम्म कडेदवरऽ!"

आमच्याकडचेच. बागलकोटकडच्या पाच-सहा बायका आणि दोन पुरुष, पोखराहून जीपने आलेले. नऊवारीवर स्वेटर, स्वेटरवर शाल. मी एकटा, गाडीवरून, हे कळल्यावर त्यांनी आधी माझ्या आईबद्दल विचारलं, मग बायकोबद्दल, मग मला वेडा ठरवलं, सगळं कन्नडमध्ये, आणि मी उत्तरं देत होतो, बेळगावच्या बाजारात देतो तशी, अर्धं कन्नड अर्धं मराठी, त्यांना दोन्ही कळत होतं. अकरा दिवसांत पहिल्यांदा मी बोलताना वाक्य डोक्यात जुळवत नव्हतो. सगळ्यात म्हाताऱ्या बाईने पिशवीची गाठ सोडली.

"ऊटा आतेन्री?"

उत्तराची वाट न बघता हातात कडक भाकरी ठेवली, पापडासारखी, कडेला मोडलेली, आणि त्यावर शेंगाचटणी. तेल नव्हतं, दही नव्हतं. समोर धौलागिरी. मी खात होतो आणि नाकातून पाणी वाहत होतं, थंडीचं असेल नाहीतर चटणीतल्या लसणीचं. ती बाई माझ्या कपाळावरच्या पिवळ्या टिळ्याकडे बघून म्हणाली, पुसून टाक आता, वाळलाय. मी पुसला नाही.

परतीचं काही सांगत नाही, तेच रस्ते उलटे.

बेळगावात आल्यावर गाडी अनगोळला नेहमीच्या गॅरेजात लावली. चेन, ऑइल, मागचा टायर, सगळंच करायचं होतं. पोरगं हँडलशी आलं, लिव्हर बघितली आणि हाक मारली, "हे काय बसवलंय वो? सायकलचं हाय हे."

"नेपाळात बसवलंय."

त्याने क्लच दाबला, सोडला. परत दाबला. नवी वायर पाकिटातून बाहेर काढून हातात धरलेली होती. वाकून त्या सोल्डरच्या थेंबाकडे बघितलं, मग नवी वायर परत पाकिटात घातली.

"राहू दे की. चाललंय न्हवं."